पहिल्या पानाचे वैरागडे सर

वैरागडे सरांच्या खोलीत स्टेपलर नव्हता. त्यांना तो लागतच नसे. एका पानाला पिन कशाला मारायची?

चंडीगडच्या एका संशोधन संस्थेत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मी त्यांची संशोधन सहायक. माझ्या नवऱ्याची बदली सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत झाली, म्हणून साताऱ्याहून बिऱ्हाड उचलून आम्ही तिथे गेलो होतो. अर्थशास्त्रातली एम.ए.ची पदवी ट्रंकेत पडून होती. जाहिरात पाहिली, अर्ज केला. मुलाखतीत सरांनी माझं आडनाव वाचलं आणि बाकीच्या दोघा सदस्यांना बाजूला ठेवून थेट मराठीत सुरू झाले.

"घाटगे म्हणजे सातारा की कोल्हापूर? सातारा? बरं झालं बाप्पा. आता दिवसभर कोणाशी तरी मराठीत बोलता येईल."

झाली निवड. माझी कागदपत्रं त्यांनी पहिल्या पानापलीकडे उलटलीच नव्हती, हे कळायला मला पुढे महिनाभर लागला.

सर मूळचे वर्ध्याकडचे. तीस वर्षं चंडीगडमध्ये काढूनही बोलीतला वऱ्हाडी हेल तसाच होता आणि त्याला वरून पंजाबी हिंदीची फोडणी बसली होती. अंगाने आडवे, अर्ध्या बाह्यांचा तपकिरी स्वेटर नोव्हेंबरात चढायचा तो मार्चात उतरायचा. हिवाळ्यात दुपारी संस्थेच्या हिरवळीवर ऊन खात बसायचे आणि किन्नू सोलायचे. किन्नू म्हणजे तिकडचं संत्र्यासारखं फळ. "हे संत्रं नाही," असं ते रोज म्हणत आणि रोज तीन खात. साल मात्र अशी सोलत की ती अखंड एका तुकड्यात निघे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट ते शेवटपर्यंत नेत असत, असं मी तेव्हा घरी येऊन नवऱ्याला सांगत असे.

माझं काम होतं संदर्भ शोधायचं. लेख, सरकारी अहवाल, पाहण्यांचे तक्ते, जुन्या नियतकालिकांचे अंक. पहिल्याच दिवशी सरांनी एका लेखाचं नाव दिलं. मी तो शोधला, बत्तीस पानं छापली, ऑफिसातून स्टेपलर आणून नीट पिन मारली आणि टेबलावर ठेवली. सरांनी पहिलं पान ओढून फाडून घेतलं आणि उरलेला गठ्ठा दोन बोटांत धरून माझ्यासमोर केला.

"हे काय?"

"लेख आहे सर. बाकीचा."

"बाकीचा कशाला? पहिल्या पानावर सगळं असते. नाव असते, लेखक असते, सारांश असते. माणूस तोंडावरून ओळखू येते, तुम्ही काय पोट फाडून पाहून राहिल्या?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांनी मागचं करड्या रंगाचं लोखंडी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत फायली. शेती, दारिद्र्य, स्थलांतर, लघुउद्योग. प्रत्येक फाइलवर सुरेख अक्षरात नाव. आणि आत नुसती पहिली पानं. हजारो लेखांची पहिली पानं, लेखकांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावलेली. बाहेरगावचे लोक या कपाटासमोर उभं राहून फोटो काढून घेत. "वैरागडेजी ने सब पढ़ रखा है," असं म्हणत. सर मान थोडी तिरकी करून कौतुक स्वीकारत. मी त्या कपाटाकडे पाहिलं आणि मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

लेख लिहायची त्यांची रीतही तशीच. "आधी यादी, मग लेख." म्हणजे आधी संदर्भांची यादी तयार करायची, ती भरघोस झाली की तिच्या वरच्या रिकाम्या जागेत लेख लिहायचा. यादी करायची ती दुसऱ्यांच्या याद्यांवरून. मूळ अहवाल कुठे आहे, तो कुणी पाहिला आहे का, हा प्रश्न त्यांच्या लेखी वेळेचा अपव्यय. एकदा त्यांच्या यादीत एकच अहवाल दोनदा आला. एकदा खात्याच्या नावाने आणि एकदा सरकारी छापखान्याच्या व्यवस्थापकाच्या नावाने. कारण पहिल्या पानाच्या तळाशी त्या बिचाऱ्याचं नाव छापलेलं होतं. मी दाखवलं तर म्हणाले, "राहू द्या ना. दोन रेफरन्स झाले." आणि मौज पाहा, पुढे दुसऱ्या दोन विद्वानांच्या लेखांत मला तो छापखान्याचा व्यवस्थापक अर्थतज्ज्ञ म्हणून भेटला. त्यांनी सरांच्या यादीवरून आपली यादी केली होती. म्हणजे सर एकटे नव्हते. सगळा बाजारच तसा भरलेला होता.

एका चर्चासत्राला दिल्लीहून एक ज्येष्ठ बाई आल्या होत्या. सरांनी त्यांचं स्वागत करताना त्यांच्याच एका लेखाचं तोंड भरून कौतुक केलं. छोट्या कारखान्यांना सवलती दिल्या की ते मोठे होतात, हे मॅडमने कसं निर्विवाद सिद्ध केलं आहे, वगैरे. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग माइक ओढून म्हणाल्या, "प्रोफेसर साहब, वह तो मैंने पहले पन्ने पर दूसरों का मत बताया था। बाकी के तीस पन्ने उसे काटने में लगे हैं।"

मी मान खाली घातली. आता हा माणूस जमिनीत जाणार, असं मला वाटलं. सर हसले आणि म्हणाले, "तो मॅडमजी, पहला पन्ना थोड़ा बदल देना चाहिए था आपको।"

लोक हसले, टाळ्याही पडल्या. कोडगेपणाला हजरजबाबीपणा समजणारी माणसं जगात भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी चर्चासत्रांना येतात.

सरांचं नाव झालं ते एका लेखामुळे. चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातला नट-बोल्ट बनवणारा छोट्या कारखान्यांचा धंदा कसा समूळ नाहीसा झाला, यावर तो लेख होता. कारखान्यांच्या सरकारी पाहणीत पूर्वी नट-बोल्टवाल्यांचा वेगळा रकाना असे, त्यात आकडे असत. पुढच्या एका फेरीच्या अहवालात त्याच रकान्यात आडवी रेघ होती. सरांनी रेघ पाहिली आणि धंद्याचा मृत्यू जाहीर केला. मग मृत्यूची कारणं शोधली, ती साठ संदर्भांनिशी मांडली. लेख गाजला. व्याख्यानं झाली. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतसुद्धा त्यांनी "एका उद्योगाचं मरण" या विषयावर पाऊण तास भाषण केलं, आरतीला थांबलेली पोरं "मम्मी, घर कब जाना है" करत रडकुंडीला आली तरी.

इंडस्ट्रियल एरिया आमच्या संस्थेपासून रिक्षाने फार लांब नव्हता. सर तिथे कधीही गेले नव्हते.

मग सिमरन आली. सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, चंडीगडजवळच्या खरड गावात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची, कारण तिथल्याच एका खाजगी कॉलेजात ती तात्पुरती शिकवत होती. पदवी मिळाली तर नोकरी पक्की, नाहीतर वर्षअखेर घरी. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसरी वाढ नव्हती. सरांनी तिला विषय दिला होता तो त्यांच्याच लेखाचा पुढचा भाग: धंदा मेल्यावर तिथले कारागीर कुठे गेले?

ती एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन बसली. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडमजी, एक बात पूछूँ? हँसोगे तो नहीं?"

"पूछ."

"मेरे पापा नट-बोल्ट ही बनाते हैं। इंडस्ट्रियल एरिया के फेज टू में। बाईस साल से। अगल-बगल में भी सब वही बनाते हैं।"

मी हसले नाही. तिने घरी सरांच्या लेखाचा विषय सांगितला तेव्हा तिचे वडील काय म्हणाले, तेही तिने सांगितलं: "पुत्त, सर नूं पुच्छ लईं, मैं हैगा वां कि नईं।" सरांना विचार बाळ, मी आहे की नाही ते.

सिमरनला त्या आडव्या रेघेचा अर्थ हवा होता. मूळ अहवाल कुठे मिळेल, असं ती विचारत होती. मी तिला अहवाल काढून दिला, संपूर्ण. आणि कुठलं पान उघडायचं तेही सांगितलं. शेवटून चौथं. परिशिष्टातल्या टिपा. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की या फेरीपासून उद्योगांचं वर्गीकरण बदललं आहे. नट-बोल्ट बनवणारे आता काही 'इतर धातुवस्तू' या गटात आणि काही वाहनांच्या सुट्या भागांच्या गटात मोजले आहेत. आणि तक्त्यातल्या आडव्या रेघेचा अर्थ शून्य असा नसून 'वेगळी मोजणी केली नाही' असा आहे.

सिमरनने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आपको पन्ना कैसे पता था?"

तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी थातुरमातुर. खरं उत्तर असं होतं की सरांच्या लेखासाठी तो अहवाल मीच शोधला होता. पहिलं पान आणि तक्त्याचं पान, एवढी दोनच त्यांनी मागितली होती. ती काढताना मी बाकीची पानं चाळली होती आणि ती टीप वाचली होती. दिवसभर ती माझ्या डोक्यात होती. माझी नेमणूक वर्षावर्षाची, तिच्या नूतनीकरणावर सही सरांची. शिवाय मनात असंही होतं की पडू दे तोंडावर, बघू तरी कसे पडतात. ते पडलेच नाहीत. त्यांना मानसन्मान मिळत गेले आणि मी घरी येऊन त्यांच्या किन्नू सोलण्याची नक्कल करत राहिले.

सिमरन माझ्यासारखी नव्हती. ती सरळ सरांकडे गेली. हातात अहवाल, आणि वडिलांनी दिलेला वीतभर लांब, चकचकीत बोल्ट. तो तिने टेबलावर ठेवला. मी दारातच होते.

"सर, यह पिछले हफ्ते बना है। फेज टू में।"

सरांनी बोल्ट उचलला, उलटसुलट पाहिला. "अच्छा है. मजबूत है." मग तो खाली ठेवून म्हणाले, "बेटा, तुम्हारे पापा का वर्कशॉप सोर्स नहीं है। किस्सा है। किस्से पे पीएच.डी. नहीं होती।"

"सर, रिपोर्ट में भी लिखा है। पीछे, टिप्पणी में। एक बार देख लीजिए।"

"पीछे तो बहुत कुछ लिखा रहता है, यार।" त्यांनी अहवालाला हातसुद्धा लावला नाही. "देखो, यह चैप्टर निकालो, या गाइड बदलो। दोनों चलेगा मुझे।"

गाइड बदलायला वर्ष लागतं, आणि तिच्याकडे महिने उरले होते. ती बाहेर आली, माझ्या टेबलाशी बसून रडली, मग तोंड धुऊन आली. बोल्ट सरांच्या टेबलावरच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर सरांनी तो पहिल्या पानांच्या चळतीवर वजन म्हणून ठेवला होता, पंख्याने उडू नयेत म्हणून. ज्या धंद्याला त्यांनी मयत ठरवलं, त्याच धंद्यातला ताजा माल त्यांची विद्वत्ता दाबून धरत होता आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नव्हतं. या माणसावर राग तरी कसा धरायचा?

युक्ती कुणाला सुचली, मला की तिला, यावर आम्ही पुढे पुष्कळ हसलो. मला वाटतं, मलाच. मी तिला म्हटलं, प्रकरण काढू नकोस. सगळं लिही, वडिलांचं वर्कशॉप, शेजारची वर्कशॉपं, रेघेचा अर्थ, सगळं. फक्त प्रबंधाचा सारांश तीन पानांचा कर. आणि पहिल्या पानावर सरांचा लेख काय म्हणतो तेवढंच सांग. सविस्तर. आदराने.

"और दूसरे पन्ने पे?"

"दूसरे पन्ने पे 'परंतु' से शुरू कर।"

पहिल्या पानावर एकही वाक्य खोटं नव्हतं. 'प्राध्यापक वैरागडे यांच्या सुप्रसिद्ध निष्कर्षापासून हा प्रबंध सुरू होतो' असं लिहिलं होतं, आणि तो खरोखरच तिथूनच सुरू होत होता. सरांनी ते पान उभ्याउभ्या वाचलं. चेहरा उजळला. "शाबाश. समझ गई आखिर," म्हणाले आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर झोकदार सही केली. मग ते पान फाडून 'लघुउद्योग' फाइलमध्ये लावायला माझ्याकडे दिलं. मी लावलं. असा आनंद मला चंडीगडमध्ये दुसरा झाला नाही.

फेब्रुवारीत सिमरनची खुली तोंडी परीक्षा झाली. तिचे वडील आले होते, निळी पगडी, कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसलेले. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध अक्षरशः ओळ न् ओळ वाचला होता. त्यांनी सिमरनला तासभर प्रश्न विचारले, ती एकदाही अडखळली नाही. वर्गीकरण, रेघ, परिशिष्ट, एकेक गोष्ट पडद्यावर येत गेली. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांची मला फक्त मान दिसत होती. ती हलत नव्हती.

शेवटी परीक्षक उभे राहिले. "इस लड़की ने साबित किया है कि इसके अपने गाइड का मशहूर निष्कर्ष गलत था। ऐसे स्टूडेंट कम होते हैं। पर ऐसे गाइड उससे भी कम होते हैं, जो यह पढ़कर साइन कर दें। प्रोफेसर साहब, इसे कहते हैं बड़ा दिल।"

सगळं सभागृह उभं राहिलं. सिमरनचे वडीलही उठले आणि सरांच्या दिशेने हात जोडून मग टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील झाले. सर हळूहळू उभे राहिले, मागे वळले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एखादा विनोद येईल, "मैंने ही कहा था इसे" असं काहीतरी येईल, याची मी वाट पाहत होते. त्यांनी नुसता नमस्कार केला आणि ते खाली बसले.

सिमरनची नोकरी पक्की झाली. मार्चमध्ये माझ्या नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला, आम्ही सामान बांधायला घेतलं. माझ्या शेवटच्या आठवड्यात सरांनी मला बोलावून तो जुना पाहणी अहवाल मागितला. मी सवयीने विचारलं, "पहिलं पान आणि तक्ता ना सर?"

"नाही. पूर्ण."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अहवाल छापला, ऑफिसातून स्टेपलर आणला. एक पिन पुरेना, तीन मारल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. हिरवळीवर ऊन होतं तरी ते आत बसले होते. करडं कपाट बंद होतं. अहवाल शेवटून चौथ्या पानावर उघडला होता आणि पान मिटू नये म्हणून त्यावर तो बोल्ट आडवा ठेवलेला होता. टिपेच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली. शेजारी सोललेला किन्नू, त्याची अखंड साल.

"बसा," ते म्हणाले. मी उभीच राहिले.

"मॅडम, एक सांगा मला." त्यांनी चष्मा काढला. डोळे बारीक आणि थकलेले दिसत होते. "हा रिपोर्ट तेव्हा तुम्हीच काढला होता. हे पान तुम्ही पाहिलं होतं काय?"

"नाही सर," मी म्हटलं. "तुम्ही दोनच पानं मागितली होती."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी मान हलवली.

"हो ना. खरं आहे. दोनच मागितली होती. तुमचा काय दोष बाप्पा त्यात. उगाच विचारलं तुम्हाले."

एवढं म्हणून त्यांनी किन्नूच्या दोन फोडी सोडवल्या आणि कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवल्या. "घ्या. संत्रं नाही हे. पण घ्या."

मी त्या त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ल्या.